देवपूरला दिलेली नळी

जळगावात माझी ओळख 'शेवाळंवाल्या मॅडम' अशी आहे, आणि निवृत्त झाले तरी ती पुसली गेलेली नाही. आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं, फुलं-पानं सगळं शिकवलं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते शेवाळंच. भाजीबाजारात एखादा जुना विद्यार्थी बायकोला ओळख करून देतो, "या आमच्या शेवाळंवाल्या मॅडम," तेव्हा ती बिचारी आधी माझ्या पायांकडे बघते. बाई कुठं घसरून पडल्या की काय, अशी तिला शंका येत असावी.

आमच्याकडे गिऱ्हाइकंही तशीच यायची. केळीच्या पट्ट्यातले शेतकरी पिवळी पडलेली पानं पिशवीत कोंबून आणायचे आणि टेबलावर ओतायचे. एका मंगल कार्यालयाच्या मालकांचं कारंजं ऐन लग्नसराईत हिरवंगार झालं होतं; त्यांना ते हटवायचं होतं, आणि मी त्यातला थोडा नमुना बाटलीत भरून घेतला म्हणून ते माझ्याकडे संशयानं बघत राहिले. एक गृहस्थ शेवाळाची पावडर घेऊन आले होते. तिनं गुडघेदुखी जाते, एवढं मी लिहून द्यावं अशी त्यांची माफक अपेक्षा होती. शेजारच्या काकू तर पापडाचा डबा घेऊन आल्या. "मॅडम, ही बुरशी चांगली की वाईट?" मी म्हटलं, "बुरशीला विचाराल तर ती चांगलीच म्हणेल. तुम्ही पापड टाकून द्या." काकूंनी काही ते टाकले नाहीत. उन्हात घालून पुन्हा डब्यात भरले, हे मला पुढं कळलं.

तर आमचा धंदा काय, ते एकदा नीट सांगते. डबक्यातून, झऱ्यातून, ओल्या भिंतीवरून एखादा जीव आणायचा आणि काचेच्या नळीत त्याला खाऊपिऊ घालून जगवायचा. नळी, खाद्य, तार, सगळं आधी वाफेनं निर्जंतुक करून घ्यायचं. त्यासाठीचं यंत्र म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरचा थोरला भाऊ. नळीतलं खाद्य संपत आलं की त्यातला चिमूटभर जीव तारेनं उचलून नव्या नळीत सोडायचा. मग ती नळी जुनी झाली की आणखी नवी. सुट्टी असो, घरात लग्न असो, हे चुकवून चालत नाही. गाई-म्हशी ओरडून मालकाला उठवतात तरी. नळीतला जीव काही बोलत नाही, फक्त फिका पडत जातो.

या धंद्यात एक रीत आहे. कुठल्याही अभ्यासकानं तुमच्या नळीतला जीव मागितला, तर नाही म्हणायचं नाही. एक नळी भरून द्यायची. माणूस आवडीचा असो की नावडीचा, त्याच्याशी बोलणं असो की नसो. ही रीत कुठं लिहून ठेवलेली नाही, पण मोडणाऱ्याला आमच्यात मान नसतो. ही गोष्ट त्या रीतीचीच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडे गरम पाण्याचा एक झरा आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्यात हात घातला तर चटका बसतो, आणि त्याच पाण्यात कुंडाच्या दगडांवर एक गडद हिरवा थर मखमलीसारखा पसरलेला असायचा. मी नोकरीला नवी होते तेव्हा तो थर आणायला आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि माझ्याच विभागातले सोनवणे सर. सर मूळचे धुळ्याचे, माझ्यापेक्षा थोडे मोठे, बोलायला सावकाश. मी दगड खरवडत होते आणि ते नुसतेच काठावर बसून थराकडे बघत होते. मी चिडून म्हटलं, "सर, हात लावा की." ते म्हणाले, "थांबा हो. आधी त्यांचं काय चाललंय ते बघू द्या."

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर शेवाळाच्या हिरव्या धाग्यांना चिकटून एक रंगहीन जिवाणू होता. सरांचं मत पडलं, की हे दोघं एकमेकांच्या आधारानं जगतात, त्यांना वेगळं करू नये. माझं मत, की वेगळं केल्याशिवाय कोण काय करतं ते कळणार कसं? आमच्या शास्त्रात शुद्ध नमुन्याला फार किंमत. एका नळीत एकच जीव, बाकी सगळं 'कंटॅमिनेशन'. मी पुन्हा पुन्हा धुऊन, निवडून, गाळून ते शेवाळ एकटं केलं आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. माझं थोडंफार नाव झालं ते त्यानंच.

मग आमच्याच सभागृहात एक परिसंवाद झाला. मी बोलले, टाळ्या पडल्या, आणि प्रश्नांच्या वेळी सोनवणे सर उठले. "मॅडमनी नळीत जे ठेवलंय ते झऱ्यातलं शेवाळ नाही. ते मॅडमनी तयार केलेलं शेवाळ आहे." मी व्यासपीठावरून म्हटलं, "ज्यांना निवडण्याचे कष्ट नकोत, त्यांना सगळंच एकत्र बरं दिसतं." सभागृह हसलं. सर खाली बसले. त्या दोन वाक्यांवर आमचं बोलणं थांबलं. कोण चुकलं, असं मला विचाराल तर तेव्हा आपापल्या जागी दोघंही बरोबर होतो, आणि दोघंही हट्टी होतो.

वर्ष संपता संपता त्यांना धुळ्याच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "एक नळी पाहिजे. न निवडलेली." रीत म्हणजे रीत. मी फळीवरची जुनी नळी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "न्या. ही घाण आता तुम्हीच सांभाळा." ते नळी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून निघून गेले.

त्यानंतर आमची गाठ पडली ती परीक्षांच्या कामापुरती, तीही 'नमस्कार, चहा झाला का' इतकीच.

माझी शेवटची विद्यार्थिनी नसीमा पिंजारी. चाळीसगावची. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान, घरात कापसाचा भुगा उडत असायचा. ती म्हणायची, "मॅडम, मला मास्क लावायला शिकवू नका, मी जन्मल्यापासून लावते." हात इतका हलका की तिच्या नळ्यांमध्ये बाहेरचं काही कधी शिरलं नाही. माझ्या त्या शुद्ध शेवाळावर तिची पीएच.डी. चालली होती. एवढ्या उष्णतेत ते कसं तगून राहतं, हा तिचा विषय. निम्मे प्रयोग झाले होते, निम्मे राहिले होते आणि विद्यापीठाची वाढवून घेतलेली मुदत संपत आली होती. पुन्हा वाढवून मिळणार नव्हती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागातली वीज दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहणार असल्याची सूचना आली. नसीमा चाळीसगावला, मी मुलीकडे. विभागात राहिले होते ते भदाणे सर. तरुण, काटेकोर, दुसऱ्याचं काम आपलं समजणारे. त्यांचं सगळं काम साध्या जिवाणूंवर, आणि जिवाणूंच्या माणसाला एक गोष्ट हाडीमाशी भिनलेली असते: संकट आलं की नळ्या फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत जिवाणू झोपतात, मरत नाहीत. फ्रिज इन्व्हर्टरवर होता. भदाणे सरांनी सगळ्यांच्या नळ्या काळजीनं फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या, त्यात आमच्या विजेवर गरम राहणाऱ्या कपाटातल्याही. एकेक नळी कागदात गुंडाळून.

कढत पाण्यात जन्मलेल्या जिवाला त्यांनी थंडीत झोपवलं. सुट्टी संपून आम्ही आलो तेव्हा नळ्यांचा रंग उकडून उतू गेलेल्या पालकाच्या पाण्यासारखा झाला होता. नसीमानं प्रत्येक नळीतून नव्या खाद्यावर उचलून पाहिलं. आम्ही वाट बघितली. काही उगवलं नाही.

भदाणे सर रडकुंडीला आले होते. "मॅडम, मी वाचवायला गेलो होतो." मी त्यांच्यावर रागावले नाही, कारण जिवाणूंवाल्या कुणीही हेच केलं असतं. मला जास्त भीती वाटत होती ती नसीमाची. संध्याकाळी ती रिकाम्या नळ्या धुवायला बसली. म्हणाली, "अब्बांना काय सांगू, मॅडम? शेवाळ मेलं म्हणून शिकणं थांबलं, हे त्यांना कसं पटेल?"

मी म्हटलं, झरा आहे ना. उद्या जाऊ, नवीन आणू, पुन्हा निवडू.

झऱ्यावर गेलो तर मला जागाच ओळखू येईना. कुंडाला पांढऱ्या फरश्या, स्टीलचे कठडे, पायऱ्यांना रंग. खरूज-नायट्याला हे पाणी गुणकारी म्हणून लोक ते निववून आंघोळ करायला येतात, त्यांची सोय गावानं केली होती. आम्ही वाकून फरशीच्या सांध्यांत बघायला लागलो तेव्हा देखरेखीला बसलेले एक आबा उठून आले.

"काय शोधी ऱ्हायनात, ताई?"

"आबा, इथं दगडांवर हिरवं शेवाळ असायचं."

"ते? बठ्ठं काढी टाकं." सगळं काढून टाकल्याच्या अभिमानानं आबांचा चेहरा फुलला. "लोकस्ना पाय घसरेत ना. एक म्हतारी पडनी, तिना हात मोडना. आते पहा कसं चकचकीत शे. दर सोमवारले पावडर टाकीसन घासतस."

त्यांना काय सांगणार? म्हातारीचा हात आणि माझं शेवाळ यांत मी तरी काय निवडलं असतं? आम्ही सांध्यांतून, ओघळाच्या मातीतून जे मिळालं ते आणलं. त्यातून साधंच शेवाळ उगवलं, कुठल्याही पाण्याच्या टाकीत मिळतं तसं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत माझे दीर राहतात, ते म्हणाले, "गरम पाणीच हवं ना, वहिनी? आमच्या सोलर हीटरची टाकी बघून जा." हताश माणूस काहीही करतो. तेही केलं, आणि दिरांकडे शेवभाजी खाऊन परत आलो.

मग फोन सुरू केले. इतक्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून नळी नेली होती त्या सगळ्यांना. उत्तर एकच: "मॅडम, ते तर केव्हाच गेलं. फार नाजूक होतं तुमचं शेवाळ." नाजूक हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला की मला तो टोचायला लागला. चटका बसेल अशा पाण्यात वाढणारा जीव नाजूक कसा?

नसीमा माझ्यासमोर बसून होती. "मॅडम, अजून कुणाला दिली होती का?"

मला नाव आठवत होतंच. ते मी शेवटावर ठेवलं होतं. सोनवणे सरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. तोही धुळ्यातल्या एका ओळखीच्या बाईंकडून मिळवला. फोन उचलल्यावर मी नाव सांगितलं.  मी म्हटलं, "सर, ती नळी..." ते म्हणाले, "आहे. या."

मी जळगावहून एस.टी.नं गेले, नसीमा चाळीसगावहून रेल्वेनं धुळ्याला आली. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात सरांचं घर. दार त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी उघडलं. "या, बठा. मी पानी लई येस." सर निवृत्त होऊन बरेच थकले होते, पण तसेच सावकाश. पाणी पिऊन झाल्यावर ते आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले.

तिथं लाकडी खोकं होतं. आत पिवळा दिवा, जुन्या पद्धतीचा, आणि दिव्याच्या उजेडात आणि उबेत नळ्यांची रांग. सगळ्या गडद हिरव्या. मी इतकं हिरवं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसून लपवलं.

वहिनी मागून म्हणाल्या, "घरमा बठ्ठे एलईडी, आनि या खोकाले मातर पिवळाच दिवा. आते भेटतबी नही ते. कोनी पाव्हना आला का ह्या त्याले दिवा मांगतस."

एलईडीला ऊब नसते, हे सरांचं खरं दुखणं होतं. जुने दिवे मिळेनासे झाले तसे सरांनी ते जमेल तिथून गोळा करून कपाटात ठेवले होते, वहिनींच्या साड्यांच्या घड्यांत, फुटू नयेत म्हणून. वीज गेली की रुंद तोंडाच्या थर्मासात गरम पाणी भरून नळी त्यात ठेवायची. सर बाहेरगावी असले तर हे वहिनी करायच्या. मुलाच्या लग्नाला नाशिकला गेले तेव्हा थर्मास वऱ्हाडाबरोबर गेला होता, आणि त्यात चहा आहे समजून व्याह्यांनी कप पुढं केला होता. हे सांगताना सरांना हसू आवरेना.

मी विचारलं, "सर, कशासाठी जगवलंत हे? यावर तुम्ही काही लिहिलंही नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, घाण सांभाळा म्हणून." ते खोक्याचं झाकण लावत होते. "सांभाळली."

 नसीमा खोक्यापाशी वाकून बघत होती. नळ्यांच्या काठाशी दुधाळ पट्टा होता. तो तिच्या डोळ्यांनी टिपला होता. "सर, हे दुसरं कोण आहे यात?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते मॅडमना विचार."

माझी खरी परीक्षा ती होती. हा जोडीनं राहणारा नमुना घेऊन पुन्हा निवडून सगळे प्रयोग नव्यानं करायला बसले तर नसीमाची मुदत संपणार होती. तो तसाच वापरायचा तर तिच्या विषयाची मांडणी बदलावी लागणार होती, आणि बदललेल्या मांडणीखाली मार्गदर्शक म्हणून माझी सही लागणार होती. ज्या जिवाणूला मी आयुष्यभर कचरा म्हणत आले, त्याच्यावर. माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी हा प्रश्न विचारू दिला नव्हता, आणि या मुलीनं तो आल्या आल्या विचारला. मला वाईट वाटलं, हेवाही वाटला. मी म्हटलं, "नसीमा, तो शेवाळाचा सोबती. शेवाळात जे विषारी साठतं ते तो काढून टाकत असावा, असं सरांचं म्हणणं होतं. खरं आहे का ते तू बघ."

सर सावकाश म्हणाले, "म्हणणं नव्हतं. नुसता अंदाज होता. म्हणणं तुमचं असायचं."

नसीमानं नळी थर्मासात घालून मांडीवर घेतली आणि जळगावपर्यंत एस.टी.त कुणाला शेजारी टेकू दिलं नाही. पुढचे महिने तिनं जे काम केलं ते माझ्या सांगण्यापलीकडचं होतं. प्रयोग साधा होता. थोडं शेवाळ वेगळं काढलं, थोडं जोडीनं ठेवलं, आणि दोन्हींच्या नळ्यांची ऊब काढून घेतली, मग परत दिली. वेगळं काढलेलं पिवळं पडलं ते परत उठलं नाही. जोडीचं मलूल झालं आणि परत हिरवं आलं. तिनं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मी पुन्हा पुन्हा करायला लावलं. खरं सांगते, कधीतरी ते उलटं पडावं असं मला आतून वाटत होतं. पडलं नाही. मी सही केली.

नसीमाचा व्हायवा त्या परिसंवादाच्याच सभागृहात ठेवला होता. अब्बा पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. त्यांना एकही शब्द कळत नव्हता, पण पडद्यावर हिरवं चित्र आलं की ते शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांचे प्रश्न संपले. मग रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं, सभागृहातून कुणाला प्रश्न आहे का?

शेवटच्या रांगेतून सोनवणे सर उठले. ते आलेत हे मला तोवर माहीत नव्हतं. विभागातली जुनी माणसं मान वळवून बघू लागली. तो जुना परिसंवाद ज्यांच्या लक्षात होता ते माझ्याकडे बघू लागले. मला स्वतःची नव्हे, त्या मुलीची काळजी वाटली.

सर म्हणाले, "प्रश्न नाही. मुलीनं चांगलं काम केलं. मला एक नळी पाहिजे." जरा थांबले. "माझी गेल्या आठवड्यात गेली. शेवटचा दिवा उडाला, आणि आम्ही दोघं बरेच दिवस दवाखान्यात होतो."

 नसीमा माझ्याकडे बघत होती. मी उठले, प्रयोगशाळेत गेले, गरम कपाटातली सगळ्यांत हिरवी नळी काढली आणि येऊन त्यांच्या हातात दिली.

"न निवडलेली आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून त्यातून रुंद तोंडाचा थर्मास बाहेर काढला. झाकण उघडलं तर आतून वाफ आली. धुळ्याहून निघतानाच वहिनींनी पाणी गरम करून दिलं होतं.